पट्टी भिजली की निघायचं

नांदेड जिल्ह्यातला मुखेड तालुका बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यात पसरला आहे. एका अंगाला नांदेड, दुसऱ्या अंगाला लातूर आणि पुढं गेलं की कर्नाटक-तेलंगणाची शीव. वाड्या-तांडे चढावर, पाणी उतारावर. इथल्या बाईचा सगळा संसार गुडघ्यांच्या जिवावर चालतो. उकिडवं बसून खुरपणी करायची, डोक्यावर घागर आणायची, चुलीपुढं मांडी घालायची. ऊसतोडीला गेलं तर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. साठीच्या आसपास गुडघे जाब विचारू लागतात. मग तेल होतं, शेक होतो, बिबा होतो, कुणीतरी सांगितलेली पुडी होते, गुडघ्यात इंजेक्शन होतं. आणि शेवटी घरात विषय निघतो, ‘वाटी बदलायची का?’

हा विषय खेड्यातल्या ओसरीवर येऊन फार वर्षं झालेली नाहीत. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा बदलला गेला आणि पुढच्या जूनमध्ये उजवा. शस्त्रक्रिया करणारे डॉ. चित्तरंजन राणावत न्यूयॉर्कहून आले होते. गुडघा बदलता येतो, हे त्या बातमीनं घरोघरी कळलं. पुण्यात डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय माणसाच्या हाडाला आणि बसण्या-उठण्याला जुळेल असा ‘इंडस’ गुडघा तयार केला होता. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध दर नियंत्रण प्राधिकरणानं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरली, त्यावर कर वेगळा. आज नांदेड-लातूरच्या रस्त्यांवर सांधेरोपणाचे फलक दिसतात. मुखेडची माणसं तिथं जातात. ज्यांची पोरं पुण्याला किंवा हैदराबादला आहेत, ती तिकडं जातात. बहुतेकांचा गुडघा सुधारतो, रात्रीची झोप परत येते, एसटीची पायरी चढता येते.

हा लेख उरलेल्यांबद्दल आहे. पहिल्यांदा सांधा बदललेल्या शंभरातल्या साधारण एक-दोघांच्या नव्या सांध्यात जंतुसंसर्ग होतो. आकडा लहान दिसतो, पण ज्या घरात तो येतो त्या घराची दोन वर्षं आणि सगळी बचत घेऊन जातो. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात असा संसर्ग झालेल्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा पाच वर्षांच्या आत दगावलेला आढळला. वय आणि इतर आजार त्यात धरले, तरी हे दुखणं ‘जखम जरा चिघळली’ एवढ्यावर सोडून देण्यासारखं नाही, हे उघड आहे.

धातूवरचा जंतू

शरीरात परकी वस्तू बसली की जंतूंचं काम सोपं होतं. १९५७ मध्ये इंग्लंडमध्ये एलेक आणि कोनेन या संशोधकांनी स्वयंसेवकांच्या त्वचेवर प्रयोग केले. नुसत्या त्वचेत पू होण्यासाठी स्टॅफिलोकॉकस जातीचे लाखो जंतू टोचावे लागत. तिथं रेशमी टाक्याचा धागा असला, तर काही शेकडा जंतूही पुरत. एका धाग्यानं एवढा फरक पडतो. गुडघ्यात तर तळहाताएवढा धातू, प्लास्टिक आणि हाडाचं सिमेंट असतं, आणि त्या धातूला रक्तपुरवठा नसतो. रक्त नाही, म्हणून पांढऱ्या पेशीही नाहीत आणि रक्तातून येणारं औषधही नाही.

सांधा बसवल्या क्षणापासून त्या पृष्ठभागावर आधी कोण पोहोचतं, शरीराच्या पेशी की जंतू, याची शर्यत सुरू होते. अमेरिकी अस्थिशल्यविशारद अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये ही कल्पना मांडली. जंतू आधी पोहोचले तर ते धातूला चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर विणतात. वैद्यकशास्त्रात त्याला ‘बायोफिल्म’ म्हणतात. विहिरीच्या पायरीवर धरलेलं शेवाळ वरून पाणी ओतून जात नाही, घासावंच लागतं. तसाच हा थर. आतले जंतू जवळजवळ झोपल्यासारखे राहतात, आणि वाढणाऱ्या जंतूंवर चालणारं औषध त्यांच्यावर फारसं चालत नाही. गोळी घेतली की थराबाहेर सुटे फिरणारे जंतू मरतात, ताप उतरतो, लाली कमी होते. घरच्यांना वाटतं, बरं झालं. आतला थर मात्र जागच्या जागी असतो.

सुरुवातीचे दिवस म्हणूनच फार मोलाचे आहेत. थर कोवळा असताना सांधा उघडून, धुऊन, खरवडून वाचवता येतो. तो जुना झाला की धातूच काढावा लागतो. या दोन वाटांमधलं अंतर काही आठवड्यांचंच असतं.

‘पानीच हाय, पू न्हाई’

माझ्या मावशीचं असंच झालं. एका मोठ्या शहरात तिचा उजवा गुडघा बदलला. शस्त्रक्रिया चांगली झाली, वॉकर धरून ती चालत घरी आली. टाके काढायच्या आधीच पट्टीच्या खालच्या टोकाला ओल दिसायला लागली. पिवळसर, पातळ. मावसभावानं विचारलं तर म्हणाली, ‘पानीच हाय रे, पू न्हाई. दुखायलं बी न्हाई लई.’ शहर लांब. गाडी करायची तर पैसे, आणि सोयाबीन काढणीला आलेलं. गावाजवळच्या डॉक्टरांनी पट्टी बदलली, अँटिबायोटिक गोळ्या दिल्या. ओल थांबली. गोळ्या संपल्या, ओल परत आली. मग दुसऱ्या गोळ्या, जास्त ताकदीच्या. असं करत पावसाळा सरला, दिवाळी गेली. एक दिवस टाक्याच्या रेषेवर मुगाएवढं तोंड पडलं आणि त्यातून पू वाहू लागला.

वाईट हेतू कुणाचाच नव्हता. त्या डॉक्टरांनी जे दिसलं त्यावर उपाय केला. मावशीनं घरची कापणी बघितली. पण ज्या दिवशी पट्टी पहिल्यांदा भिजली, त्या दिवशी तिला घेऊन निघायला हवं होतं, आणि तसं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची यादी होती, व्यायाम होते, पुढची तारीख होती. ‘जखम ओली झाली तर त्याच दिवशी या नंबरवर फोन करा’ ही ओळ नव्हती.

सांधेरोपणानंतर पहिले दोन-तीन दिवस पट्टीला थोडं रक्त, थोडी ओल लागते, त्याला घाबरायचं कारण नाही. तीन दिवसांनंतरही जखम पाझरत असेल तर शस्त्रक्रिया केलेल्या सर्जननं ती स्वतः पाहायला हवी. पाच ते सात दिवसांपुढं पाझर थांबत नसेल तर पुन्हा टेबलावर घेऊन जखम धुण्याचा विचार करायचा असतो, असं जगभरच्या तज्ज्ञांचं एकमत आहे. सर्जननं बघण्याआधी अँटिबायोटिक सुरू करायचं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. गोळ्यांनी पुढच्या तपासणीत जंतू वाढत नाहीत, आणि कोणत्या जंतूवर कोणतं औषध चालेल हे कळायची वाटच बंद होते.

जंतू शोधायचा कसा

बदललेला सांधा काही महिने बरा राहून पुन्हा दुखायला लागला, रात्री ठसठसू लागला, गरम लागू लागला, तर आधी संसर्गाचा संशय घ्यायचा. त्यासाठी फार महागड्या यंत्रांची गरज नाही. रक्ताच्या दोन साध्या तपासण्या असतात, ईएसआर आणि सीआरपी. शस्त्रक्रियेनंतर सीआरपी वाढतो आणि काही आठवड्यांत खाली येतो. तो खाली आलाच नाही किंवा उतरून पुन्हा चढला, तर पुढची पायरी म्हणजे सांध्यातलं पाणी काढणं. निर्जंतुक खोलीत, स्वच्छ सुईनं. त्या पाण्यातल्या पांढऱ्या पेशी मोजतात आणि जंतू वाढतात का ते बघतात. रुग्ण गोळ्या घेत असेल आणि प्रकृती परवानगी देत असेल, तर त्या निदान दोन आठवडे थांबवून मग पाणी काढतात.

शस्त्रक्रियेच्या वेळी वेगवेगळ्या जागांचे पाच-सहा तुकडे, दर वेळी वेगळ्या स्वच्छ चिमट्यानं, वेगवेगळ्या बाटल्यांत घेतात. एकाच तुकड्यात जंतू दिसला तर तो कातडीवरून आलेला असू शकतो. दोन किंवा अधिक तुकड्यांत तोच जंतू मिळाला तर निदान पक्कं होतं. काही जंतू सावकाश वाढतात, म्हणून नमुने चौदा दिवसांपर्यंत ठेवावे लागतात. आपल्याकडे स्टॅफिलोकॉकसच्या जोडीला ग्राम-निगेटिव्ह जंतूही बऱ्याचदा सापडतात, आणि त्यांच्यातले कित्येक नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. जंतू न ओळखता औषध देणं इथं म्हणूनच फार महागात पडतं.

धुणं, काढणं, पुन्हा बसवणं

संसर्ग लवकर पकडला, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर साधारण महिन्याभरात किंवा अचानक सुरू झालेल्या त्रासाला तीन आठवडे होण्याच्या आत, तर सांधा वाचवता येतो. गुडघा पूर्ण उघडतात, सडलेलं मांस काढतात, लिटर-लिटर सलाइननं धुतात. दोन धातूंमधली प्लास्टिकची चकती काढून नवी घालतात, कारण चकतीखाली हात पोचल्याशिवाय धातूची मागची बाजू साफ होत नाही. वरून टाके उघडून पिचकारी मारणं म्हणजे हे काम नव्हे.

वेळ निघून गेली तर धातू काढावाच लागतो. इथं दोन परंपरा आहेत. जर्मनीत हॅम्बुर्गच्या हान्स-विल्हेल्म बुखहोल्झ यांनी १९७० च्या सुमारास हाडाच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळायला सुरुवात केली आणि जुना सांधा काढून त्याच वेळी नवा बसवायची पद्धत रुजवली. न्यूयॉर्कचे जॉन इन्सॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये गुडघ्यासाठी दोन टप्प्यांची पद्धत मांडली. आधी धातू काढायचा, मधल्या काळात औषध द्यायचं आणि संसर्ग विझल्यावर नवा सांधा बसवायचा. आपल्याकडे, विशेषतः जंतू ठाऊक नसेल किंवा फार चिवट असेल तेव्हा, दुसरी पद्धत जास्त वापरली जाते.

मधल्या काळासाठी जो तात्पुरता गुडघा घालतात, तो शस्त्रक्रियागृहातच तयार होतो. भांड्यात सिमेंटची पांढरी पावडर असते. तिच्यात व्हँकोमायसिनच्या बाटल्या एकामागून एक रिकाम्या करतात. औषध पावडरच्याच रूपात लागतं, आणि उष्णतेनं बिघडणार नाही असं लागतं. मग द्रव ओततात, आणि नाकात जाणारा उग्र वास खोलीभर पसरतो. ढवळता ढवळता मिश्रण पिठाच्या गोळ्यासारखं घट्ट होतं, हातमोज्यातून गरम लागायला लागतं. सर्जनकडे काही मिनिटंच असतात. तेवढ्यात त्या गोळ्याला मांडीच्या आणि नळीच्या हाडाच्या टोकांचा आकार द्यायचा असतो. गोळा दगडासारखा होतो आणि पुढचे कित्येक आठवडे आतल्या आत औषध झिरपवत राहतो. रक्तातून देता येणार नाही इतकी औषधाची मात्रा सांध्याच्या जागी मिळते. रुग्णाच्या मूत्रपिंडावर मात्र लक्ष ठेवावं लागतं.

मावशीलाही असाच तात्पुरता गुडघा घातला, आणि त्या काळात ती खाली बसू शकत नव्हती. वॉकर, कमोडची खुर्ची, कॉटवरचं जेवण, असे दिवस गेले. नवा सांधा बसल्यावर ती चालू लागली. आज काठी धरून शेताच्या बांधापर्यंत जाते. ज्यांच्या सांध्यात हाडच उरत नाही, त्यांना गुडघा कायमचा जोडून सरळ ठेवावा लागतो. क्वचित पाय गमवावा लागतो.

औषधांबाबत गेल्या काही वर्षांत दोन मोठे अभ्यास झाले, आणि दोन्ही खेड्यातल्या रुग्णाच्या कामाचे आहेत. ब्रिटनमधल्या २६ केंद्रांत हाडा-सांध्याच्या संसर्गाच्या १,०५४ रुग्णांवर झालेला पहिला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या सहा आठवड्यांत शिरेतून औषध दिलेल्या आणि लवकर गोळ्यांवर आणलेल्या रुग्णांचे वर्षाअखेरचे निकाल जवळपास सारखेच आले. नीट निवडलेल्या गोळ्यांवर रुग्ण घरी राहू शकतो. महिनोन्महिने सलाइनच्या स्टँडजवळ पडून राहायची गरज नाही. दुसरा अभ्यास फ्रान्समधला, २०२१ चा. सहा आठवडे औषध की बारा, याची तुलना त्यात होती, आणि सहा आठवड्यांवर थांबलेल्यांमध्ये अपयश जवळजवळ दुप्पट होतं. घरी जाता येतं, पण औषध मध्येच सोडता येत नाही, हा या दोन्हींचा एकत्र अर्थ.

धातू जागेवर ठेवून स्टॅफिलोकॉकसशी लढायचं असेल तेव्हा रिफाम्पिसिन हे औषध जोडीला देतात, कारण ते बायोफिल्मच्या आत काम करतं. क्षयरोगाच्या उपचारामुळे आपल्या गावांना ते ठाऊकच आहे. लघवी तांबूस करणारं तेच हे औषध. ते एकटं दिलं तर जंतू काही दिवसांत त्याला सरावतात. ते दुसऱ्या औषधाबरोबरच, जखम कोरडी झाल्यावर आणि सर्जनच्या सल्ल्यानंच घ्यायचं.

महाग हवा आणि स्वस्त शिस्त

कृत्रिम खुब्याचे जनक सर जॉन चार्नली इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात काम करत. सुरुवातीला त्यांच्या शंभर रुग्णांत सातच्या आसपास संसर्ग होत असे. त्यांनी हवा गाळून घेणारी बंदिस्त खोली उभारली, सर्जनचा श्वास बाहेर खेचणारे पोशाख केले आणि जोडीला इतर सुधारणाही केल्या. आकडा एकाच्या आत आला. १९८२ मध्ये ब्रिटनच्या आठ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांच्या चाचणीत शुद्ध हवेचा फायदा पुन्हा दिसला. पण प्रतिबंधक अँटिबायोटिक सगळीकडे रुळल्यानंतरच्या नोंदींत तो फायदा दिसेनासा झाला, आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं संसर्ग टाळण्यासाठी अशी महागडी हवायंत्रणा वापरू नये, असा सल्ला दिला.

जिल्ह्याच्या गावांना यातून धीर घेता येईल. संसर्ग टाळण्याचा मोठा भाग स्वस्त शिस्तीत आहे. कातडीला चाकू लागण्यापूर्वीच्या तासाभरात अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायचं. खोलीत माणसं कमी, दाराची उघडझाप कमी. केस काढायचेच असतील तर क्लिपरनं, ब्लेडनं नाही. आदल्या दिवशी घरी गुडघा भादरून येणं बंद व्हायला हवं, कारण ब्लेडच्या बारीक चिरांमध्ये जंतू वाढतात.

बाकीचं काम रुग्णाच्या घरचं आहे, आणि ते शस्त्रक्रियेच्या महिना-दोन महिने आधी सुरू होतं. साखर आटोक्यात आणायची, रक्त वाढवायचं, तंबाखू आणि मिश्री सोडायची, किडलेले दात दाखवायचे, लघवीची जळजळ असेल तर उपचार घ्यायचे. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर निदान तीन महिने थांबायचं. पावसाळ्यात चिखलात काम करून बोटांच्या बेचक्यात झालेल्या चिखल्या आणि टाचेच्या भेगा बऱ्या झाल्याशिवाय टेबलावर जायचं नाही, कारण जंतूंना आत शिरायला तेवढी वाट पुरते. आणि बिबा. गुडघ्यावर बिबा घातल्यानं कातडी भाजते, फोड येतात. त्या कातडीतून चीर देणं म्हणजे संकटाला आवतण. सर्जननं विचारलं नाही तरी हे सगळं आपण होऊन सांगायचं.

संसर्गाखेरीज आणखी काही धोके ओळखून ठेवायला हवेत. पोटरी सुजून घट्ट झाली, दम लागला, छातीत कळ आली तर शिरेत गुठळी झालेली असू शकते. तेव्हा घरी तेल चोळायचं नाही, तडक दवाखाना. गुडघा वाकेना झाला तर व्यायामाची टाळाटाळ नको. पडल्यावर धातूच्या कडेला हाड मोडू शकतं. वर्षानुवर्षांनी सांधा सैल होऊ शकतो, आणि सैल झालेल्या प्रत्येक सांध्यात आधी जंतू शोधायचा असतो.

मुखेडला ठाऊक असलेली गोष्ट

वेळेची किंमत मुखेडला कुणी बाहेरून येऊन शिकवावी, अशी गरज नाही. या गावानं ती सर्पदंशातून शिकली आहे. डॉ. दिलीप पुंडे यांनी इथं अनेक वर्षं सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार केले. ग्रामीण महाराष्ट्रातल्या त्यांच्या दहा वर्षांच्या अनुभवाचा लेख २००५ मध्ये ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’मध्ये आला. साप चावला की मांत्रिकाच्या दारात थांबायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा, हे त्यांच्यासारख्या डॉक्टरांनी गावोगाव पटवलं. तालुक्याच्या ठिकाणी बसून जीव वाचवता येतो आणि त्याची शास्त्रीय नोंदही ठेवता येते, याचा पुरावा मुखेडातच आहे. सर्पदंशात तासांचा प्रश्न असतो, सांध्याच्या जखमेत दिवसांचा. पण चुकीच्या दारात थांबण्याची शिक्षा दोन्हीकडं आहे.

पैशाचं गणितही सरकारनं सोडवायला हवं. दुसऱ्यांदा बसवायच्या गुडघ्याची कमाल किंमत २०१७ मध्ये १,१३,९५० रुपये ठरली, म्हणजे पहिल्याच्या दुपटीहून जास्त. त्यावर दोन शस्त्रक्रिया, तात्पुरता सांधा, तीन महिन्यांची औषधं आणि बुडालेली मजुरी. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होता. तीच आज महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिच्यात नेमकं काय बसतं, हे सांधा बदलायच्या आधीच आरोग्यमित्राला विचारायला हवं. आणि शासनानं संसर्ग झालेल्या सांध्याचा उपचार धुण्यापासून शेवटच्या गोळीपर्यंत एकसंध धरायला हवा. अर्ध्यात तुटलेला उपचार म्हणजे आधीचा सगळा खर्च पाण्यात.

एवढ्या मोठ्या राज्यात किती सांधे बसले, किती बिघडले, किती पिकले, याची सक्तीची नोंदवहीही हवी. स्वीडननं १९७५ पासून गुडघ्यांची राष्ट्रीय नोंद ठेवली आणि तिच्या आधारे वाईट सांधे बाजूला केले. आपल्याकडे सर्जनांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक आहे.

यातली काही कामं उद्यापासून होऊ शकतात. सांधा बदलणाऱ्या प्रत्येक रुग्णालयानं डिस्चार्जच्या कागदावर मराठीत, ठळक अक्षरांत, चोवीस तास उचलला जाणारा एक नंबर आणि एक ओळ छापावी : पट्टी भिजली तर गोळी घेऊ नका, फोन करा. आशाताईंच्या हातात सांधा बदललेल्या माणसांची यादी असावी आणि पहिल्या महिन्यात त्यांनी जखम डोळ्यांनी बघावी. मुखेडच्या उपजिल्हा रुग्णालयातून जखमेचा फोटो सर्जनला जावा, आणि गरज पडली तर नांदेडच्या विष्णुपुरीतल्या किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णाला त्याच दिवशी घेतलं जावं. गावातल्या डॉक्टरांनी स्वतः औषध सुरू करण्याऐवजी एक फोन करावा. त्यांचा मान त्यानं वाढेलच. यांतल्या एकाही गोष्टीला नवं यंत्र लागत नाही. शस्त्रक्रिया पुण्यात झालेली असो, हैदराबादला असो की नांदेडला, जखम पहिल्यांदा ओली होते ती वाडीतल्या घरात. ती त्याच दिवशी ओळखणारं माणूस आणि त्याच दिवशी दार उघडणारा दवाखाना मिळणं, हा तिथल्या रुग्णाचा हक्क आहे.